कुठले पवार?

कॉलेजच्या पहिल्या दिवसाची हजेरी आठवा. सर नाव घेतात, तुम्ही उभे राहता आणि सर चष्म्यावरून बघत विचारतात, "कुठले पवार?" तुम्ही म्हणता, "ढोकीचे, सर." सर मान हलवतात. पण त्यांना गावाचं नाव नको होतं, हे तुम्हालाही कळलेलं असतं आणि त्यांनाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत आणि पारध्यांतही आहेत. चव्हाण, जाधवांचंही थोडंफार तसंच. म्हणजे आडनावावरून काही कळत नाही, आणि कळल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेत गार्सिया किंवा रॉड्रिगेझ आडनावाच्या पोराला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, "पण तू मूळचा कुठला?" त्याच्यावर 'लॅटिनो' हा शिक्का असतो. आता लॅटिनो म्हणजे कोण? कुणाचे आजोबा मेक्सिकोचे, कुणाची आजी क्युबाची. कुणी गोरा, कुणी काळा, कुणी तिथल्या मूळ रहिवाशांच्या वंशाचा, आणि बरेच जण या सगळ्यांचं मिश्रण. एकाच घरात एक भाऊ उजळ, दुसरा सावळा. तिथल्या जनगणनेत १९३० साली 'मेक्सिकन' हा चक्क वंश म्हणून छापला होता. विरोध झाला, आणि १९४० मध्ये त्याच लोकांची गणना 'गोरे' म्हणून झाली. माणसं तीच, बदलला फक्त फॉर्म. १९८० पासून सगळ्यांनाच दोन वेगळे प्रश्न विचारायला लागले: तुम्ही हिस्पॅनिक आहात का, आणि तुमचा वंश कोणता? २०२० मध्ये तिथे हिस्पॅनिक लोकसंख्या सहा कोटींच्या वर गेली. त्यातल्या साधारण ४२ टक्के लोकांनी वंशाच्या प्रश्नाला उत्तर दिलं, 'इतर कुठलातरी'. म्हणजे दिलेल्या चौकटींपैकी एकही आपली वाटली नाही. शेवटी मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरवलं.

हे वाचताना मला माझी बाकावरची मैत्रीण आठवली. ती बंजारा आहे. तिचं घर एका तांड्यावर, आणि तिचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीत. मुकादमाकडून उचल घेतली की सहा महिने कोयता सांगेल त्या फडात जायचं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आम्ही दोघी ई-सेवा केंद्रात गेलो होतो. तिच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'लमाण', काकांच्या दाखल्यावर 'बंजारा', आणि आजोबांच्या जुन्या कागदावर 'लंबाडा'. केंद्रातला दादा म्हणाला, "अगोदर ठरवून या, तुम्ही नेमके कोण ते." तसं ठरवायचं काहीच नव्हतं. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजाऱ्यांच्या नोंदीखाली ही तिन्ही नावं आहेत, शिवाय गोर बंजारा, लमाणी, लभान, मथुरा लभान अशी बरीच. पण हे त्या दादाला माहीत नव्हतं आणि तेव्हा आम्हालाही नव्हतं. तिची अख्खी दुपार गेली.

आणि गंमत म्हणजे यातलं एकही नाव तिची आजी घरात वापरत नाही. आजी अजून फेटिया-काचळी घालते आणि स्वतःला 'गोर' म्हणते. जो बंजारा नाही तो 'कोर'. मी कोर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थोडं लागलं होतं. मग लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला दुसऱ्याच्या यादीत टाकलं होतं.

लमाण हे नाव लवण, म्हणजे मिठावरून आलं असं सांगतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे लोक देशभर फिरायचे. मग रेल्वे आली. आपल्या ढोकी स्टेशनावरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. (आपल्याला ती छोटी गाडी म्हणून कौतुकाची, पण अशा गाड्यांनीच बैलांच्या पाठीवरचं ओझं काढून घेतलं, आणि ओझ्याबरोबर धंदाही.) इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या लोकांकडे चोर म्हणूनच बघायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला.

आता खरी गोष्ट. नळदुर्गला हैदराबादच्या गाडीत बसा. उमरग्यापर्यंत तुम्ही महाराष्ट्रात आहात, इथे बंजारा विमुक्त जाती-अ मध्ये. सीमा ओलांडून हुमनाबादला चहा घ्या, कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत. पुढे जहीराबाद आलं की तेलंगण, तिथे लंबाडा अनुसूचित जमातीत. एक रस्ता, एक बोली, एकमेकांत सोयरीक, आणि वर्गवारी तीन. ("एसटीत बसले की एसटी होते, पण फक्त उतरेपर्यंत," हा विनोद मैत्रिणीचाच.) गाडीत बसून फायदा मिळत नाही हे उघडच आहे, दाखला ज्या राज्याचा तिथेच चालतो. पण १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, हे विसरू नका. राज्य तुटलं, तिन्ही तुकडे तीन राज्यांत गेले आणि यादीही प्रत्येकाची वेगळी झाली. तेलंगणातल्या लंबाड्यांना जमातीचा दर्जा मिळाला तो १९७६ च्या कायद्याने.

तुमच्यापैकी जे बंजारा आहेत त्यांना पुढचं तोंडपाठ असेल, बाकीच्यांनी ऐका. राज्याच्या प्रवेशाला ही मुलगी व्हीजे-ए, तिथे तीन टक्के आरक्षण. केंद्राच्या संस्थेत जायचं तर विमुक्तांसाठी वेगळा रकाना नाही, तिथे ती ओबीसी. म्हणजे एकाच मुलीने एकाच आठवड्यात दोन फॉर्मवर दोन वेगळ्या गोष्टी लिहायच्या, आणि दोन्ही खऱ्या. पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांचा तांडा तेव्हा फिरत होता त्यांनी तो कुठून आणायचा, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. त्यात वरून 'बंजारा की वंजारी?' हा गोंधळ. वंजारी भटक्या जमाती-ड मध्ये, त्यांचं आरक्षण दोन टक्के, समाज पूर्ण वेगळा. नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून शिक्षकसुद्धा चुकतात.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, आणि त्यानंतर बंजारा समाजही त्याच गॅझेटचा आधार देत रस्त्यावर आला: आम्हालाही जमातीत घ्या. तांड्यावर राहून बघितलं तर ही मागणी चुकीची वाटत नाही. पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. महाराष्ट्रातल्या आदिवासी संघटनांचा याला विरोध आहे. तेलंगणात आदिलाबादकडे गोंड आणि लंबाडा यांच्यात २०१७ मध्ये हा वाद पेटला होता. जागा वाढणार नसतील तर एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जाणार, ही गोंडांची भीती मला तरी खोटी वाटत नाही. मी मैत्रिणीला हे बोलले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझं बरोबर असेल. पण तुला कधी फॉर्म भरताना घाम फुटलाय का?" नाही फुटला. माझ्या दाखल्यावर पणजोबांपासून एकच शब्द आहे.

भाषेचंही तेच. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून जास्त होते, बंजारी सांगणारे वेगळे. हे सगळे मोजले कुठे? हिंदीत. तिची आजी जे बोलते ते हिंदी आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर पाच मिनिटं तिच्या ओट्यावर बसून बघा. मी बसले. 'बाटी' म्हणजे भाकरी, एवढंच हाती लागलं.

आता पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या केंद्राच्या निर्णयानुसार तीत जातही विचारली जाणार. १९३१ नंतर नियमित जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाईल ती पहिल्यांदाच. तुमच्या दारात जो येईल तो बहुधा तुमच्याच शाळेतला शिक्षक असेल आणि घाईत असेल. आडनाव ऐकून तो स्वतःच काहीतरी भरून टाकेल, असं होऊ देऊ नका. विचारू द्या, सांगा, आणि काय नोंदवलं ते विचारून घ्या. मातृभाषेचंही.

मैत्रिणीच्या घरी यावर परवा भांडण झालं. वडील म्हणाले 'बंजारा' सांगू, दाखल्याशी जुळतं. काका म्हणाले 'लंबाडा', तेलंगणाशी जुळतं. आजी पलीकडे चुलीपाशी बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली 'गोर' सांगा, आणि मग माझ्याकडे बघून, "हिला पण विचारा की, ही कुठली?"