लाँचची शेवटची जागा आणि जावाबद्दलचे गैरसमज

उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला सुटणाऱ्या लाँचचं वेळापत्रक एकदा फलकावर रंगवून भागत नाही. बंदरात गाळ साचतो, मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही आणि ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सर्व्हरवरची जावा शिकणाऱ्या उरण-पनवेलच्या विद्यार्थ्यांनी सरावाला हाच विषय घ्यावा: आजच्या फेऱ्या दाखवणारं आणि जागा राखून ठेवणारं छोटं ॲप. माहिती रोज बदलते, म्हणजे डेटाबेस का लागतो हे वेगळं समजावावं लागत नाही.

‘वेबवरची जावा संपली’ असं अनेकांना वाटतं. संपलं ते ॲपलेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी जावा. सर्व्हरवरची जावा आजही बँकांपासून मोठ्या दुकानांपर्यंत काम करते. ‘त्यासाठी महागडी सामग्री लागते’ हेही खरं नाही. जावासाठी ओपनजेडीके, सर्व्हरसाठी टॉमकॅट आणि डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

‘पुस्तकातला कोड जसाच्या तसा लिहिला, तरी चालत नाही, माझंच काहीतरी चुकलं.’ इथे पुष्कळ मुलं हिंमत सोडतात, आणि दोष बहुधा त्यांचा नसतो. ओरॅकलने 2017 साली जावा ईई, म्हणजे सर्व्हरवरच्या जावाची प्रमाण-संहिता, एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचं जाहीर केलं आणि पुढे तिचं नाव जकार्ता ईई झालं. सर्व्हलेटच्या, म्हणजे सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासच्या, पॅकेजची नावं ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट 9 जुनी नावं ओळखतो, 10 पासून नवी. पुस्तक जुनं आणि टॉमकॅट नवा असेल, तर कोड चालणार नाही. आधी आवृत्ती जुळवा.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘प्रत्येक प्रवाशासाठी वेगळा सर्व्हलेट तयार होतो’. प्रत्यक्षात टॉमकॅट सर्व्हलेटचा साधारणपणे एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि अनेक थ्रेड त्याच्यातूनच एकाच वेळी धावतात. उरलेल्या जागांचा आकडा सर्व्हलेटच्या फील्डमध्ये ठेवलात, की दोघंजण एकाच क्षणी ‘1 जागा शिल्लक’ वाचतात आणि दोघांनाही तिकीट मिळतं. घरी एकट्याने तपासताना ही चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. आकडा डेटाबेसमध्ये ठेवा. ‘जागा शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर’ ही अट अपडेटच्या आज्ञेतच घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. उत्तर शून्य आलं, तर जागा संपली. जागा कमी करणं आणि तिकिटाची नोंद करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असू द्या, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही.

‘जावा सुरक्षित भाषा आहे, डेटाबेसही सुरक्षित राहील.’ प्रवाशाचं नाव थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडलं, तर कुठलीही भाषा वाचवू शकत नाही. रोमन लिपीत डि'सोझा आडनाव लिहिताना येणारं एक चिन्हसुद्धा ते वाक्य मोडतं. दुष्ट हेतूचा माणूस त्याच फटीतून टेबल पुसू शकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी मूल्य वेगळं पाठवलं जातं, त्याचा हुकूम होत नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

जावाला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर लोड करायची ‘क्लास.फॉरनेम’ ही ओळही सक्तीची समजतात. 2006 मध्ये जावा 6 सोबत जेडीबीसी 4, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या जावाच्या पद्धतीची नवी आवृत्ती, आली, तेव्हापासून ड्रायव्हरची फाईल योग्य जागी असली की तो बहुधा आपोआप सापडतो. कनेक्शन मात्र आपोआप बंद होत नाही. ते ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’मध्ये उघडावं आणि खऱ्या वापरासाठी कनेक्शन पूल ठेवावा, कारण दर विनंतीला नवं कनेक्शन उघडणं खर्चिक असतं.

‘स्प्रिंग बूट आल्यावर सर्व्हलेट शिकायची गरज उरली नाही’ हे आज सर्रास ऐकू येतं. स्प्रिंग बूटच्या नेहमीच्या वेब ॲपमध्ये टॉमकॅट आतच बसवलेला असतो, आणि विनंत्या योग्य कोडकडे वाटून देणारा डिस्पॅचरसर्व्हलेट स्वतःच एक सर्व्हलेट आहे.