जुनं चित्र, नवी फ्रेम आणि काही पक्के गैरसमज

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, जरा मोठं करून द्या.’ शहरातल्या कुठल्याही प्रिंटिंगच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. पाठवलेलं असतं वेरूळच्या कैलास लेण्याचं दोन शतकांपूर्वीचं चित्र, नाहीतर जुन्या काळचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी टिपलेला बीबी का मकबरा. मोबाइलवर ते झकास दिसतं. मग भिंतीवरही दिसेल, असं आपण धरून चालतो.

मोबाइलचा पडदा जेमतेम सहा इंचांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. इंचाला ३०० ठिपके (डीपीआय) धरले तर एवढ्यात सव्वापाच इंचांचंच चित्र नीट छापलं जातं. १२×१८ इंचांसाठी ३६००×५४०० पिक्सेल लागतात. मात्र ३०० हा आकडा म्हणजे काही देववाणी नाही. पोस्टकार्ड आपण हातात धरून बघतो, सोफ्यामागचं चित्र चार-पाच फुटांवरून. तिथे इंचाला २०० पुरतात, म्हणजे २४००×३६०० मध्ये काम भागतं. फाइलमधलं ७२ डीपीआय खोडून तिथे ३०० लिहिलं तर फक्त लेबल बदलतं, पिक्सेल तेवढेच राहतात. एआयनं चित्र मोठं करून देणारी अ‍ॅप्स आली आहेत. ती रेषा धारदार करतात हे खरं, पण जिथे माहितीच नसते तिथे अंदाजानं भर घालतात. वेरूळच्या शिल्पपटात त्यांनी स्वतःची दोन शिल्पं कोरली तरी आपल्या लक्षात येणार नाही.

त्यापेक्षा मूळ ठिकाणी जावं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ मध्ये आपल्या कॉपीराइटमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइल सगळ्यांना खुल्या केल्या. आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम त्याआधीपासून देत होतं. आपल्यासाठी जास्त जवळचं आहे ते अमेरिकेतलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट. पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी काम करणारे पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांची चित्रं तिथे आहेत, त्यांत वेरूळही आहे. दिवाणखान्यात वेरूळ लावायचंच असेल तर मी तांबटांचं लावीन. ‘डॅनियलचं वेरूळ’ म्हणून जे फिरतं, ती १८०३ ची चित्रमालिका टॉमस डॅनियल यांनी छापली असली तरी तिच्यामागची रेखाटनं जेम्स वेल्स यांची, आणि ते १७९५ मध्येच वारले होते.

‘जुनं आहे ना, मग कुणाचंच नाही’ हा दुसरा समज. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रं मोकळी आहेत. पण हातात दिवा घेतलेली ती बाई? रविवर्म्यांची म्हणून घरोघरी पोचलेलं ते चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं ते जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हळदणकर १९६८ मध्ये वारले, म्हणजे हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या दलालांचा २०३१ पर्यंत, मुळगावकरांचा २०३६ पर्यंत. पिवळ्या पडलेल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ स्कॅन करून विकणाऱ्यांनी हे हिशेब करून ठेवावेत. स्वतःच्या घरापुरत्या खासगी वापराला कायदा सवलत देतो, विक्रीला नाही.

अजिंठ्याची गंमत आणखी वेगळी. पद्मपाणी दीड हजार वर्षांचा, त्यावर कुणाचा कॉपीराइट असणार? पण कालपरवा कुणी काढलेला त्याचा फोटो त्या फोटोग्राफरचा असतो. म्हणून घरी लावायला लोक जुन्या प्रतिकृती शोधतात आणि ‘हेच मूळ रंग’ म्हणून छापतात. त्या रंगांचा प्रवास बघा. १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच, १८८५ च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड निघाले ते १८९६-९७ मध्ये. म्हणजे लेण्यातल्या अंधुक उजेडात केलेली नक्कल, तिची छपाई, मग शतकभर पिवळत गेलेला कागद, त्याचा स्कॅन आणि शेवटी आपला प्रिंटर. त्यात ‘मूळ रंग’ शोधू नयेत. स्कॅनमधला पिवळेपणा चित्राचा नाही, कागदाचा आहे. आवडला तर ठेवा, नसेल तर कागदाच्या कोऱ्या कडेला पांढरं धरून तो थोडा उतरवता येतो. पार पांढराफेक मात्र करू नका, चित्र आजारी दिसतं.

छपाईत फार अडकायला नको. जुन्या चित्राला चकचकीत फोटोपेपर विसंगत दिसतो, २०० जीएसएमच्या आसपासचा मॅट कागद घ्या. घरच्या इंकटँक प्रिंटरची रंगीत शाई बहुधा डाय प्रकारची असते आणि उन्हात लवकर विटते. पिगमेंट शाई पुष्कळ जास्त टिकते, दुकानात आधी तेवढं विचारा. फाइल छापखान्याच्या सीएमवायके रंगपद्धतीत बदलण्याचा खटाटोपही नको, घरचे प्रिंटर पडद्याची आरजीबीच मागतात.

खरं नुकसान फ्रेममध्ये होतं. आपल्याकडे काच थेट चित्रावर बसवतात, मागे हार्डबोर्ड ठोकतात, कडेनं तपकिरी टेप मारला की झालं. पावसाळ्यात आत दमट हवा अडकते, प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवरच राहते. चित्र आणि काच यांच्यात माउंटबोर्डाची चौकट हवी ती यासाठी, निव्वळ शोभेसाठी नव्हे. एथ्री कागद १२×१८ च्या तयार फ्रेममध्ये नेमका बसत नाही, तो घोळही माउंट निस्तरतो. कडा कापायची वेळच येत नाही. माउंटची खिडकी चित्रापेक्षा सगळीकडून तीन-चार मिलिमीटर लहान ठेवायची. चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीनं टांगायचं, बाकी मोकळं. सगळ्या पाठीला फेव्हिकॉल फासला की पहिल्याच पावसात फुगवटे आले म्हणून समजा. सेलोटेप तर नकोच, त्याचा डाग कागदात उतरतो. हार्डबोर्डातून आम्ल झिरपतं, म्हणून मधे आम्लरहित कागद घाला.

‘काच आहे, उन्हाची काळजी नाही’ असंही म्हणतात. साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग आत सोडते, आणि रंग विटायला नुसता लख्ख उजेडही पुरतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत म्हणूनच टाळावी. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंतही नको. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळत राहील.