पायाला मानवेल अशी गादी

माणसाच्या एका पावलात लहानमोठी २६ हाडे असतात. आपण चालतो तेव्हा अंगाचा सारा भार त्यांच्यावर येतो. आधी टाच टेकते, मग भार चवड्यावर जातो आणि शेवटी अंगठा जमीन रेटतो. शेतकरी, हमाल, पोस्टमन यांचे तर पोटच पायावर चालते. म्हणून पायाखाली काय घालावे, ते आपण नीट समजून घेऊ.

बुटात किंवा चपलेत तळपायाला लागून जो थर असतो, त्याला आपण गादी म्हणू. ती चामड्याची असते, रबराची असते, फोमचीही असते. दुकानदार म्हणतो, "घ्या हो, लोण्यासारखी मऊ आहे." पण मऊ ती चांगलीच, असे नाही. फार मऊ गादीत पाय रुततो. चिखलात बैलाचा पाय रुतला तर बैल लवकर थकतो, तसेच हे.

पहिल्याने आपला पाय ओळखावा. तळपाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहावे आणि बाजूला होऊन ठसा पाहावा. टाच व चवडा यांना जोडणारा मधला पट्टा बेताचा दिसला, तर पायाची कमान ठीक आहे. सारा तळवा उमटला, तर पाय सपाट आहे. मधला पट्टा अगदी बारीक उमटला किंवा उमटलाच नाही, तर कमान उंच आहे.

सपाट पाय दुखत नसेल तर त्याला काहीच नको. उगाच पैसे घालवू नयेत. दुखत असेल तर कमानीला खालून आधार देणारी, जरा घट्ट गादी घ्यावी. उंच कमानीच्या पायात सारा भार टाच आणि चवडा यांवरच पडतो. त्याला धक्का सोसणारी गादी बरी. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाच ठणकत असेल, तर टाचेखाली मऊ व कमानीला आधार, अशी गादी पाहावी. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

गादी घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगतो, तेव्हा खरे माप कळते. आपला बूट बरोबर न्यावा. आतली जुनी गादी निघत असेल तर ती काढून मगच नवी घालावी. एकावर एक दोन घातल्या की बूट आवळतो आणि बोटे चेंगरतात. घालून दुकानातच दहा-वीस पावले चालावे. बोटे मोकळी हलली पाहिजेत. पुढे गादी अंगठ्याने दाबून पाहत जावी. दबलेली जागा वर येत नसेल, तर तिचे काम संपले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने काहींचे पाय बधिर होतात. काटा रुतला, खिळा टोचला, तरी कळत नाही. माणूस तसाच चालत राहतो. जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापावा लागतो.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या इस्पितळात आले. कुष्ठरोगाने पाय आपोआप सडतो, असे लोक तेव्हा समजत. डॉक्टरांनी व त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिले की, पुष्कळ जखमा न कळलेल्या इजेने होतात. म्हणजे त्या टाळता येतात. अशा पायांसाठी बारीक छिद्रांच्या रबराची गादी वापरात आली. तिलाच एमसीआर म्हणतात. ती मऊ असते, पण लगेच चपटी होत नाही. भार एका जागी न पडता साऱ्या तळव्यावर पसरतो. कुष्ठरोग्यांना अशा चपला सरकारी आरोग्य खात्याकडून फुकट मिळतात. आरोग्य केंद्रात विचारावे, लाजू नये.

बधिर पायाच्या चपलेत एकही खिळा नसावा. ती शिवलेली किंवा चिकटवलेली असावी. मागे पट्टा असावा, म्हणजे चप्पल निसटत नाही. कोल्हापुरी चप्पल धडधाकट पायाला शोभते. पण तिचे चामडे कडक आणि अंगठा करकरीत, म्हणून बधिर पायाला ती नको.

पाय बधिर आहे की नाही, हे घरी पाहता येते. माणसाने डोळे मिटावे. दुसऱ्याने त्याच्या पायाच्या बोटांना एकेक करून हलकेच बोट लावावे आणि विचारावे, "कळलं का?" एखाद्या बोटाला कळले नाही, तर डॉक्टर गाठावा.

दुखरा पाय ओरडून सांगतो, बधिर पाय मुका असतो. मुक्या जनावराकडे आपण रोज लक्ष देतो की नाही? तसेच या पायाकडे द्यावे. आज रात्री घरातल्या वडील माणसांचे तळवे दिव्याच्या उजेडात एकदा पाहा.