दोष रक्तात नाही

जिवतीच्या डोंगरात आरोग्याबद्दल बोलायचं, तर सिकलसेलची गोष्ट निघतेच. यात रक्तातली लाल पेशी विळ्यासारखी वाकते. मग असा घातक जनुक टिकला कसा? उत्तर उत्क्रांतीत आहे. तो एकाच पालकाकडून आला, तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ॲलिसन यांनी १९५४ साली हे आफ्रिकेत दाखवलं. आपल्या जंगलपट्ट्यातही मलेरिया होताच. दोन्ही पालकांकडून आला, की आजार. दोघे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक.

जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणी हवीच. पण त्याच सुमारास एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली! आपल्या बालभारतीत तो धडा आहे. तो नीट शिकवला पाहिजे. नाहीतर वाहक निघालेल्या पोरीला कोण सांगणार, की बाई, तुझं रक्त खोटं नाही, कदाचित त्यानेच तुझी पणजी तगली? निर्मूलन आजाराचं करायचं, माणसाच्या अब्रूचं नव्हे, एवढंच आमचं म्हणणं.