चैत्रांतील घरदुरुस्ती : माळवद आणि भिंती

रबीचीं खळीं उरकल्यावर मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतकऱ्यास जी थोडी उसंत मिळते, तींतच घराची डागडुजी आटोपून घेण्याचा आपल्याकडील प्रघात जुना आहे व तो सकारण आहे. चैत्र-वैशाखांत घरचीं माणसें मोकळीं असतात, भुसा ताजा मिळतो आणि उन्हामुळें मातीचें काम लवकर सुकतें. पाडव्यास भिंतींना चुना दिला म्हणजे दुरुस्ती झाली असें मात्र कित्येकांस वाटतें. चुना अवश्य द्यावा. परंतु सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या बाजूस दगडमातीचीं माळवदाचीं जीं घरें अद्यापि उभीं आहेत, त्यांच्या मालकांनीं आधीं शिडी लावून वर जावें.

माळवदाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यांवर लिंबाचा पाला किंवा तरट आणि त्यावर माती. सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा असतो. काळी माती उन्हानें भेगाळते व पहिल्या पावसाचें पाणी त्या भेगांतून सरळ घरांत उतरतें. पांढरी माती खारवट असल्यामुळें ओली होतांच तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन पृष्ठभागावरील छिद्रें बुजवितात, व पाणी वरच्या वर वाहून जातें. माती पारखण्याची रीत सोपी आहे. सुपारीएवढें कोरडें ढेकूळ कांचेच्या पेल्यांतील स्थिर पाण्यांत अलगद सोडावें. त्याभोंवतीं दुधासारखा गढूळपणा पसरला व तो बराच वेळ खालीं बसला नाहीं, तर ती माती माळवदास योग्य समजावी. मात्र ही माती आणतांना जुन्या पांढरीचीं टेकाडें वाटेल तशीं खणूं नयेत. तेर गांवच्या टेकाडांतून निघालेल्या पुराणवस्तूंचें संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवें त्याच गांवीं आहे; दोन गाड्या मातीसाठीं असा ठेवा फोडणें शहाणपणाचें नव्हे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. माळवद गळूं लागलें कीं जुन्या थरावर नवा थर टाकावयाचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची संवय आहे. दरसाल दोन बोटें माती चढते आणि खरवडून कोणीच काढीत नाहीं. अशा रीतीनें दीड-दोन फूट माती सांचलेलीं माळवदें दुर्मिळ नाहींत. तिच्या वजनाचा हिशेब करून पाहावा. शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास माती, साडेचार ते पांच टन भरते. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दोन फूट माती असेल, तर ती तीन ब्रास झाली. म्हणजे साडेतेरा ते पंधरा टन ओझें निजणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलेलें आहे, आणि पावसांत भिजल्यावर तें आणखी वाढतें.

या ओझ्यानें काय होतें, तें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारी-सास्तूरच्या परिसरानें पाहिलें. पहाटें चारच्या सुमारास, लोक झोपेंत असतां भूकंप झाला व आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. त्यांपैकीं बहुतेक आपल्याच घराच्या भिंती व माळवदाची माती यांखालीं सांपडलीं. धक्क्याचा जोर वजनाच्या प्रमाणांत बसतो. माथा जितका जड, तितका भिंतींस हिसका अधिक. भूकंप रोज येत नाहीं हें खरें. पण झिजलेली तुळई तर पावसाळ्यांतील झडीनें सुद्धां मोडते.

म्हणून या चैत्रांत माती चढवूं नये, उतरवावी. आठ इंचांहून अधिक माती माळवदावर असण्याचें कारण नाहीं. वरील खोलीवरची माती आठ इंचांवर आणली तर तीन ब्रासांची एकच ब्रास राहते. काम करतांना खोली मोकळी करून खालून टेकू द्यावे. माती दोन्ही बाजूंनीं सारखी कमी करीत यावें. एकाच बाजूस खरवडून दुसरीकडे ढीग केल्यास तुळई तिरपी होते. पाल्यापर्यंत पोहोंचल्यावर प्रत्येक कडी व तुळईचें टोंक सुरीनें टोंचून पाहावें, विशेषतः भिंतींत गेलेला भाग. वाळवी बहुधा तेथूनच शिरते. सुरी सहज आंत गेली तर तें लांकूड बदलावें. नंतर पातळ थर गळूं नये म्हणून किलचांवर मातीचा गिलावा देऊन जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा व त्यावर पांढरी माती चोपून बसवावी. मातीखालीं कागदास ऊन लागत नसल्यामुळें तो पुष्कळ वर्षें टिकतो. उतार पन्हळीकडे ठेवावा, आणि पन्हळ भिंतीपासून हातभर पुढें असावी. पाणी भिंतीच्या पायांत पडलें कीं पुढील सर्व खर्च व्यर्थ.

माती कमी केल्यानें घर तापेल, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. थोडा फरक पडतोच. उन्हाळ्यापुरता माळवदावर चुन्याचा हात दिल्यास तो पुष्कळसा भरून निघतो.

भिंतींविषयीं. आपल्या जाड भिंती बहुधा एकजीव नसतात. आंतून एक व बाहेरून एक अशा दोन पडद्या रचून मधली पोकळी बारीक दगड व मातीनें भरलेली असते. दोहोंस सांधणारे आरपार लांब दगड गवंड्यानें घातले नसतील, तर पाणी मुरून बाहेरची पडदी फुगते व एके दिवशीं ढांसळते. उभ्या भिंतींतही हा सांधा घालतां येतो. चार-चार फुटांवर व दोन-दोन फूट उंचीवर, घणाचा घाव न घालतां, पहारीनें हलकेंच दगड सैल करून काढावे व तीन इंचांचें आरपार भोंक करावें. त्यांत दोन्ही टोंकांस आंकडा वळविलेली सळई ठेवून काँक्रीट भरावें आणि दहा दिवस पाणी शिंपडावें. एका वेळीं थोडींच भोंकें पाडावीं. खणाच्या घरांत खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपा लांकडी टेकू खिळ्यांनीं व पट्टीनें पक्का करावा. भिंत गेली तरी सांगाडा माळवद तोलून धरूं शकतो.

गिलाव्यास भुसा व शेण घालून आठवडाभर कुजविलेला गाराच उत्तम. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देण्याची हौस हल्लीं फार आहे. परंतु तो मातीस धरून राहत नाहीं, भेगांतून शिरलेलें पाणी मागें कोंडून ठेवतो, आणि भिंत आंतून कुजल्याचें वरून दिसतही नाहीं.

उतरविलेली माती भिंतीच्या पायालगत टाकूं नये. अंगणाचा उतार घराबाहेर करण्यास ती उपयोगी पडते. उरलेली खारवट असल्यामुळें शेतांत मात्र नेऊं नये.