चार ‘पाय’ जोडले म्हणून गेम पळत नाही

घरच्या घरी गेमिंग लॅपटॉप बनवायचं डोक्यात आलं की हिशेब बहुतेक असा मांडला जातो: रास्पबेरी पाय ५ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकात चार कोअर, म्हणजे चार बोर्डांत सोळा. एकाची रॅम ८ जीबी, म्हणजे चौघांची ३२. सगळं एका डब्यात बसवायचं, वर स्क्रीन लावायचा, की झालं काम. कागदावर हिशेब चोख आहे. पैसे वाया जायला सुरुवातही इथूनच होते.

गैरसमज: बोर्ड वाढवले की ताकद वाढते

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे पीसी नेटवर्कने जोडून ‘बेवुल्फ’ हा क्लस्टर उभा केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २०१२ साली ६४ रास्पबेरी पाय लेगोच्या मांडणीत बसवून छोटा सुपरकॉम्प्युटर केला. पण तिथली गणितंच अशी असतात की त्यांचे तुकडे पाडता येतात. शिवाय प्रोग्रॅमही तसेच, कामाची वाटणी करणारे, मुद्दाम लिहावे लागतात. बाजारातला गेम तसा लिहिलेला नसतो. तो ज्या बोर्डावर चालतो त्या बोर्डाचे चार कोअर आणि तिथलीच रॅम त्याला दिसते. शेजारचे तीन बोर्ड नुसते गरम होत बसतात.

बरं, समजा कुणी हौशीने कामाची वाटणी केलीच, तरी वेळ आड येते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात तुम्ही दाबलेलं बटण वाचायचं, गाडी वळवायची, ती भिंतीला घासली का ते ठरवायचं आणि चित्र रंगवून मोकळं व्हायचं. यातल्या बऱ्याच पायऱ्या एकामागून एकच होतात. एका सुईत दोरा ओवायला चौघे बसले म्हणून तो चौपट वेगाने ओवला जात नाही.

आकडेच बघू. १९२० बाय १०८० च्या एका चित्रात, पिक्सेलला चार बाइट धरले तर, सुमारे ८३ लाख बाइट होतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळजवळ ५० कोटी बाइट. दोन बोर्डांमधली गिगाबिट इथरनेटची वायर सेकंदाला फार तर साडेबारा कोटी बाइट वाहून नेते. म्हणजे एका बोर्डाने रंगवलेलं चित्र दुसऱ्याकडे न्यायचं तर सेकंदाला पंधराच्या आसपासच चित्रं पोचतील. पाय ५ आपल्या स्वतःच्या रॅमशी सेकंदाला साधारण १७ जीबी या वेगाने बोलतो. वायरीवरचा वेग त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. चित्रं कॉम्प्रेस करून पाठवावीत म्हटलं, तर व्हिडिओ एन्कोड करणारं वेगळं हार्डवेअर पाय ५ मध्ये ठेवलेलंच नाही. ते ओझं पुन्हा प्रोसेसरवर.

एकाच पीसीत दोन ग्राफिक्स कार्डं जोडायची एनव्हिडियाची एसएलआय पद्धत आठवत असेल. तिच्यासाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं कंपनीने २०२१ पासून बंद केलं. एकाच मदरबोर्डावर, इंचभर अंतरावर बसलेल्या कार्डांची ही गत, तर वायरीने जोडलेल्या बोर्डांची काय कथा!

गैरसमज: विंडोजवरचे गेम थोडी खटपट केली की चालतात

रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा. विंडोजवरचे बहुतेक गेम इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी बांधलेले. बॉक्स६४ नावाचा प्रोग्रॅम त्यांच्या सूचना चालता चालता बदलून देतो, आणि वाइन विंडोजची भूमिका वठवतो. दोन्ही मिळून जुने, हलके गेम चालवतात, हे कौतुकाचंच. पण या दुभाषेगिरीत वेग जातो. चीट पकडणारी यंत्रणा ज्यात खोलवर बसवली आहे, त्या ‘व्हॅलोरंट’सारख्या ऑनलाइन गेमची आशाच सोडा.

विंडोजच हवं असेल तर एक्स८६ प्रोसेसरचे छोटे बोर्डही मिळतात. लॅटेपांडा ३ डेल्टावर इंटेलचा सेलेरॉन एन५१०५ असतो. त्याचं अंगभूत ग्राफिक्सही बेताचंच.

गैरसमज: मग या बोर्डांवर गेमिंग होतच नाही

हे दुसरं टोक. २०११ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे रास्पबेरी पाय विक्रीला येण्याच्याही आधी, त्याच्या नमुन्याच्या बोर्डावर ‘क्वेक ३’ हा गेम चालवून दाखवला होता. आजचा पाय ५ त्याच्या कितीतरी पुढे आहे. ‘डूम’, ‘क्वेक ३’, ‘सुपरटक्सकार्ट’ आणि जुन्या कन्सोलचे एमुलेटर त्यावर मजेत चालतात. (एमुलेटर वापरणं वेगळं आणि कुठूनतरी उतरवलेले गेम त्यात घालणं वेगळं, दुसऱ्यात कॉपीराइट आड येतो.) नवे मोठे गेमही खेळता येतात, पण घरात एक दणकट पीसी हवा. गेम पीसीवर चालतो आणि त्याचं चित्र मूनलाइट किंवा स्टीम लिंक या ॲपमधून बोर्डावर येतं. पाय ५ मध्ये एचईव्हीसी पद्धतीने कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर आहे, त्यामुळे हे काम त्याला जमतं. माझ्या मते घरगुती गेमिंग लॅपटॉपचा सगळ्यात शहाणा उपयोग हाच.

गैरसमज: बॅटरीचं काय, पॉवर बँक लावू

पाय ५ साठी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे. पॉवर बँकेवर ६५ वॅट छापलेलं असतं, पण तो आकडा बहुधा २० व्होल्टचा. ५ व्होल्टवर ती सहसा ३ अँपिअरच देते. मग बोर्ड आपल्या यूएसबी पोर्टांचा एकूण प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो, आणि कीबोर्ड, माउस, एसएसडी त्यावरच भागवायला लागतात. विजेचं चिन्ह स्क्रीनच्या कोपऱ्यात चमकलं, तर व्होल्टेज पडतंय असं समजा.

१०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॅट-तास. बोर्ड आणि मोठा स्क्रीन मिळून १५ वॅट खात असतील तर व्होल्टेज बदलताना होणारी गळती धरून जेमतेम दोन तास. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० जातीचे लिथियम सेल काढून पॅक बनवणारे बरेच असतात. त्यात संरक्षणाचं बीएमएस सर्किट हवंच. आणि सेलवर थेट सोल्डर करू नका. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावून घ्या. लिथियमने पेट घेतला की हौस महागात पडते.

गैरसमज: स्वस्तात पडतं

पाय ५ चा ८ जीबीचा बोर्ड २०२३ साली ८० डॉलरला आला, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्यावर पंखा लागतोच, कारण ८० अंशांनंतर प्रोसेसर आपला वेग उतरवायला लागतो. मग स्क्रीन. बंद पडलेल्या लॅपटॉपचा पॅनेल फुकट मिळेल, पण तो एचडीएमआयला थेट जोडता येत नाही. त्याला मधला कंट्रोलर बोर्ड लागतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तर पॅनेलच्या पाठीमागच्या स्टिकरचा फोटो बरोबर न्या. नंबर जुळला नाही की आणलेला बोर्ड परत कपाटात. पुढे कीबोर्ड, बिजागऱ्या, बॅटरी, डबा. बेरीज करून पाहा, जुना पण चालू लॅपटॉप त्याच पैशांत बसतो.

तेव्हा नवे मोठे गेम खेळायचे असतील आणि पैसे मोजकेच असतील, तर ग्राफिक्स कार्ड असलेला वापरलेला लॅपटॉप घ्या. हातानेच बनवायचा असेल तर बोर्ड एकच घ्या, आणि तुमचा आवडता गेम एआरएमवर चालतो का ते खरेदीच्या आधी तपासा.