समुद्र किती वाढला?

समुद्राला भरती येते, ओहोटी लागते. आता पाणी वर, घटकाभराने खाली. मग समुद्र वाढला हे ओळखावे कसे? ते आम्ही आता सांगतो.

मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ सालापासून पाण्याची मापे टिपली आहेत. वर्षभराच्या मापांची सरासरी काढली, की भरती-ओहोटीचा चढउतार निघून जातो. राहते ती समुद्राची खरी उंची. जगभरची अशी मापे पाहिली, तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढला.

का चढला? काठोकाठ भरलेले पातेले चुलीवर ठेवून पाहा. उकळी फुटण्याआधीच पाणी सांडू लागते. पाणी तापले की फुगते. समुद्राचेही तसेच. शिवाय जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात येते.

२००७ साली जर्मनीतील शास्त्रज्ञ स्टेफान राम्सटॉर्फ यांनी सुमारे १२० वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एकीकडे जगाची उष्णता, दुसरीकडे समुद्राची उंची. जग जसे अधिक तापले, तसा समुद्र अधिक वेगाने चढला, असे दिसले. त्यावरून पुढचा हिशोब करता येतो.

पण हिशोब म्हणजे भविष्य नव्हे, अंदाज आहे. म्हणून शास्त्रज्ञ एकच आकडा सांगत नाहीत. या शतकात समुद्र सुमारे १ ते ३ फूट चढेल, असे म्हणतात. उष्णता कमी वाढली तर १ फूट, फार वाढली तर ३ फूट.

कोकणात खाडीकाठी खारे पाणी शेतात शिरले, की भात गेलाच. तेव्हा नवा बांध घालताना आजची भरती पाहून भागायचे नाही. नातवंडांच्या वेळची भरतीही मोजली पाहिजे.